चावी आहे, पण ओळख नाही

तोरणा उतरून वेल्ह्यात यावे, चावी फिरवावी. स्टार्टर फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही आणि समोर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो. बॅटरी बहुधा शाबूत असते, तुटलेला असतो तो संवाद. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून चावीतील चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपला संकेतांक पाठवते. तो जुळला तरच इंजिन चालू होऊ दिले जाते. ‘पी ०५१३’ म्हणजे चावी चुकीची. ‘यू ०१६७’ म्हणजे इमोबिलायझरच्या नियंत्रकाशी संपर्कच नाही. या दुसऱ्या प्रसंगी नवी चावी करून घेणे बहुधा व्यर्थ खर्च ठरतो. आधी फ्यूज, वायरिंग व कनेक्टर तपासावेत. भोरहून वरंधा घाटाकडे निघताना दुसरी चावी जवळ असावी, मात्र त्याच जुडग्यात नको. दोन चिपांचे संकेत एकमेकांत मिसळू शकतात. अशी गाडी ढकलूनही सुरू होत नाही.