सोप्या पुस्तकांची गरज
शाळेची भाषा : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण १९६७ पर्यंत आलो होतो. ज्युलियस न्येरेरे यांच्या सरकारने त्या वर्षी टांझानियातल्या प्राथमिक शाळांचं माध्यम स्वाहिली केलं. माध्यमिक शाळा मात्र इंग्रजीतच राहिल्या. १९८२ साली मक्वेटा आयोगाने माध्यमिक शिक्षणही स्वाहिलीत आणण्याची शिफारस केली, ती अमलात आली नाही. तो वाद सविस्तर मांडण्यासारखा आहे, म्हणून पुढच्या लेखांकासाठी राखून ठेवतो. वाद मिटेपर्यंत जी मुलं वर्गात बसली आहेत, त्यांना इंग्रजी वाचायला शिकवायचं कसं, एवढंच आज पाहू.

आपल्याकडे सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीत असतं, बाकीचे विषय मराठीत. टांझानियाच्या सरकारी शाळेत सातवी संपवून फॉर्म वनमध्ये आलेल्या मुलीला जवळजवळ सगळेच विषय एकदम इंग्रजीत वाचावे लागतात. त्यात २०१६ पासून फॉर्म फोरपर्यंतची फी माफ झाली आणि वर्ग गच्च भरले. अशा वर्गात शिक्षक फळ्यावर टिपणं लिहितात, मुलं ती उतरवून घेतात. मुलांच्या वह्या भरतात, पण वाचन होत नाही.

ही मुलं वाचनात कच्ची असतात असं मात्र कोणी समजू नये. स्वाहिलीत पाच स्वर आहेत आणि अक्षराचा उच्चार ठरलेला असतो. लिहिलं तसंच म्हणायचं. त्या सवयीने मूल इंग्रजी ‘नाइफ’ हा शब्द ‘क्निफे’ असा वाचतं. त्याने नियम बरोबर लावला आहे, फक्त तो इंग्रजीला लागू पडत नाही. म्हणून पहिले काही महिने शिक्षकाने रोज मोठ्याने वाचावं आणि मुलांनी पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवून ऐकावं. ऐकलेला शब्द आणि छापलेला शब्द यांची जोडी पाठांतराने जमत नाही, ती अशी सावकाश जमते. आणखी एक अडचण आहे. ‘अनासोमा’ म्हणजे तो वाचतो आहे किंवा ती वाचते आहे. क्रियापदात स्त्री-पुरुष भेद नाही. इंग्रजी गोष्टीत ‘ही’ आणि ‘शी’ भराभर येऊ लागले की कोण कोणाला काय म्हणालं याचा धागा सुटतो. दर परिच्छेदाला ‘ही म्हणजे कोण?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ उलगडतं.

शब्दसंग्रहाचं काय? १९२० च्या दशकात ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनावर काम करत होते. क्रमिक पुस्तकांत नवे शब्द दाटीवाटीने येतात आणि पुन्हा भेटत नाहीत, हे त्यांनी हेरलं. मोजक्याच शब्दांत लिहिलेली, नवा शब्द पुन्हापुन्हा भेटवणारी वाचनमाला त्यांनी तयार केली. पुढे हू आणि नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की कोणाच्या मदतीवाचून गोष्ट नीट समजायची तर मजकुरातले शंभरपैकी अठ्ठ्याण्णव शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात. फॉर्म वनच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाला ही कसोटी लावून पाहा!

टांझानियात हा विचार अनोळखी नाही. क्रिपर आणि डॉड यांनी १९८४ साली तिथल्या इंग्रजीच्या पातळीविषयी अतिशय चिंताजनक अहवाल दिला. त्यानंतर ब्रिटिश मदतीने सोप्या वाचनपुस्तकांचा कार्यक्रम सुरू झाला. रिचर्ड मबाला यांची ‘मबाला द फार्मर’ आणि ‘हवा द बस ड्रायव्हर’ ही छोटी पुस्तकं तिथल्या शाळांत वाचली जातात. बस चालवणारी हवा मुलांना आपल्याच देशातली वाटते, म्हणून ती पान उलटतात. शब्द शिकवायलाही इथे चांगली संधी आहे. ‘लिमा’ म्हणजे शेती करणं, ‘म्कुलिमा’ शेतकरी, ‘किलिमो’ शेती: एका मुळापासून शब्द घडवणं या मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं. ‘फार्म’, ‘फार्मर’, ‘फार्मिंग’ त्याच रीतीने एकत्र शिकवले तर तीन शब्दांचं ओझं होत नाही.

‘फोटोसिंथेसिस’सारखे अवघड शब्द शिक्षक समजावून सांगतातच. मुलं खरी अडखळतात ती ‘ऑल्दो’, ‘देअरफोर’, ‘अब्झॉर्ब’, ‘डिस्टिंग्विश’ अशा मधल्या शब्दांवर. हे शब्द प्रत्येक विषयात येतात, म्हणून कोणत्याच विषयाचा शिक्षक ते शिकवत नाही. परीक्षेत ‘डिस्टिंग्विश’ म्हणजे फरक सांगा हे न कळल्यामुळे, येत असलेलं उत्तर हुकतं.

माझं ठाम मत आहे, की यावरचा उपाय स्वाहिलीतूनच जातो. मुळं मातीतून पाणी शोषतात हे मूल प्राथमिक शाळेत स्वाहिलीत शिकून आलेलं असतं. मुळं म्हणजे ‘मिझिझी’, शोषणं म्हणजे ‘कुफ्योन्झा’. शिक्षकाने आधी दोघादोघांना स्वाहिलीत बोलू द्यावं, मग फळ्यावर अर्धं इंग्रजी वाक्य लिहून ते पुरं करायला सांगावं आणि त्यानंतर पुस्तकातला उतारा वाचायला द्यावा. ‘फक्त इंग्रजीत बोला’ अशी पाटी लावलेल्या वर्गात ही मुलं चूक होईल या भीतीने गप्प बसतात, आणि त्यांना काय कळलं नाही हे शिक्षकाला कळायला मार्गच उरत नाही.

राहता राहिली पुस्तकं. ती घरी न्यायला द्यावीत, त्यांवर परीक्षा घेऊ नये, पुस्तक फाटलं म्हणून दंड करू नये. वीस पानांची गोष्ट शब्दकोशाशिवाय वाचून संपवणाऱ्या मुलाने लगेच दुसरी मागितली, तर ती देता येईल इतक्या प्रती शाळेत असायला हव्यात.