गावची वाट, थांबत थांबत

मे महिना उजाडला की चाळींतून, वसाहतींतून गावी जाण्याची एकच गडबड उडते. पिशव्या भरल्या जातात, रात्रीची गाडी धरली जाते आणि पहाटे डोळे चोळत गावच्या फाट्यावर उतरायचे. मुंबईहून सातारा-कऱ्हाडकडे जाणाऱ्या आपल्या बांधवांची ही वर्षानुवर्षांची रीत. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून तर लोणावळा कधी गेले तेही कळत नाही.

गेल्या सुट्टीत आमच्या वसाहतीतल्या तीन कुटुंबांनी मिळून एक जीप ठरवली. खर्च तिघांत वाटला. जुन्या महामार्गाने, दोन दिवस घेत गेलो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घरून घेतली, रात्रीचा मुक्काम पुण्यात नातेवाइकांकडे केला. एस.टी.पेक्षा पैसे जास्त पडले हे खरे. पण मुलांनी काय पाहिले ते ऐका.

पहिला थांबा कार्ल्याची लेणी. पायऱ्या चढताना म्हाताऱ्या माणसांना दम लागतो, म्हणून सकाळीच पोचावे. एकवीरेच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी असते, तिच्यातून वाट काढत चैत्यगृहापर्यंत जायचे. आत गेल्यावर मुले आपोआप गप्प होतात. सुमारे १२४ फूट लांबीचे हे दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, समोर स्तूप आणि वर लाकडी कमानी. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते लाकूड! पण मला विशेष वाटतात ते भिंतींवरचे आणि खांबांवरचे ब्राह्मी शिलालेख. ही लेणी एकट्या राजाने कोरून घेतली नाहीत. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव तिथे दरवाजाच्या कामाबद्दल कोरलेले आहे. सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे आहे, परदेशातून आलेल्या यवनांची आहेत. आमच्याबरोबर फर्निचरच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ होते. सुताराचे नाव ऐकल्यावर ते बराच वेळ त्या दरवाजापाशीच उभे राहिले.

भाजे लेणी तिथून जवळच, मळवलीच्या बाजूला. कार्ल्याहून जुनी, गर्दी कमी. ओळीने उभे असलेले चौदा स्तूप मुलांनी दोनदा मोजले.

पुढे देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथल्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी! जुन्या महामार्गाने गेले की ते वाटेवरच लागते, तरी आपल्यातले कित्येक जण तिथे उतरलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुण्यात महात्मा फुल्यांचा वाडा पाहिला. १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मुलांना यात विशेष वाटले नाही. नळ सोडला की पाणी, एवढेच त्यांना ठाऊक.

मग खंबाटकी ओलांडून सातारा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. आजचे ते प्रतापसिंह हायस्कूल. हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. सुट्टीत शाळा बंद असते, बाहेरूनच पाहावी लागते. माता भीमाबाईंची समाधीही याच गावात आहे.

इथून आम्ही उंब्रजजवळ आत वळून मसूर स्टेशनला गेलो. हा मात्र माझा हट्ट. १९०१ च्या उन्हाळ्यात, वडील खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर रोखपाल होते तेव्हा, लहानगे भीमराव घरच्या मुलांबरोबर साताऱ्याहून रेल्वेने इथे उतरले. नवे सदरे, चकचकीत टोप्या, रेशीमकाठी धोतरे. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, या अटीवर. शिदोरी होती, पण पिण्याजोगे पाणी कुणी दिले नाही. मध्यरात्री जकात नाक्यावर पोचले, तिथेही नाही. उपाशीच झोपले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे सारे लिहिले आहे. मुलांना ते तिथेच, फलाटाजवळच्या सावलीत वाचून दाखवले.

वाचून झाल्यावर आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या आक्का बोलू लागल्या. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांना चढू देत नसत. कुणी वरून ओतील तेव्हा घागर भरायची, कधी दुपार टळे. त्यांच्या सख्ख्या नातवाने हे प्रथमच ऐकले.

"आजी, मला कधी सांगितलं नाहीस?"

"रात्रीच्या गाडीत तू झोपलेला असतोस," आक्का म्हणाल्या, आणि बाटली त्याच्या हातात दिली.

मसूर सोडायला आम्हाला चार वाजले. गावी पोचेपर्यंत अंधार पडला.