शाहिराचा मुलूख

१९६९ साली जूनमध्ये आचार्य अत्रे गेले, जुलैत अण्णा भाऊ साठे गेले आणि २९ ऑगस्टला शाहीर अमर शेख अपघातात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने ज्यांच्या मुखाने आपले म्हणणे मांडले ते तीन पुरुष अशा रीतीने एकाच पावसाळ्याने ओढून नेले. त्यांपैकी अत्र्यांचे अग्रलेख आणि अण्णा भाऊंच्या कादंबऱ्या छापखान्याच्या हवाली झालेल्या होत्या. अमर शेखांची मिळकत मात्र बव्हंशी त्यांच्या कंठात होती, आणि कंठाचा वारसा कोणत्याही दप्तरी नोंदविता येत नाही.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीस जन्मलेल्या महबूब हुसेन पटेल या दरिद्री घरच्या मुलास आई मुनेरबी हिच्या तोंडची लोकगीते हीच पहिली पाठशाळा लाभली. पुढे मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग विसापूरच्या तुरुंगातील कैदी, तेथे साम्यवादी विचारांचा संस्कार, आणि त्यानंतर कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत उमेदवारी, असा हा प्रवास आहे. ‘अमर शेख’ हे नाव त्यांना तेथेच मिळाले.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि गिरणगावच्या चाळींपासून खेड्यांतील चावडीपुढच्या पटांगणापर्यंत सारा मुलूख हीच त्यांची रंगभूमी झाली. या कलेची घडण नीट ध्यानात घेतली पाहिजे. पोवाड्यात शाहीर कथा पुढे नेतो आणि झीलकरी ओळीचा शेवट उचलून धरतात. तेवढ्या अवधीत शाहीर श्वास घेतो, डफावर बोटे फिरवितो आणि समोरचा समुदाय पेंगतो आहे की पेटतो आहे याचा अंदाज घेऊन पुढचा चौक लांबवितो अथवा आवरता घेतो. कवितेची अखेरची प्रत अशा ठिकाणी श्रोतेच सिद्ध करतात. कवीचे हस्तलिखित हा केवळ मसुदा असतो.

सरकारला हे समीक्षकांपूर्वी उमगले असावे. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली, आणि पुस्तकाची जप्ती करून भागणार नाही, गाणाऱ्याचे तोंडच बंद केले पाहिजे, ही एक प्रकारे त्या कलेला मिळालेली सरकारी पावतीच म्हणावयाची. पण मनाई हुकमाने आवाज थांबला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत अण्णा भाऊंनी रचलेली मैनेची लावणी अमर शेखांच्या पहाडी गळ्यातून उठे, आणि मुंबईत पोट भरणाऱ्या व गावी घरधनीण ठेवून आलेल्या माणसाचे खाजगी दुःख पाहता पाहता एका प्रांताची मागणी होऊन जाई. लेखणी एकाची, कंठ दुसऱ्याचा, आणि श्रेयाची वाटणी कोणी मागितली नाही. आमच्या साहित्यिकांच्या स्वभावाकडे पाहता हे नवल थोडे नव्हे.

‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटात त्यांनी कुंभाराची भूमिका केली. तेथील कुंभाराच्या गीताला आवाज मात्र सुधीर फडके यांचा होता. महाराष्ट्रभर ज्याचा गळा गाजला त्याला पडद्यावर दुसऱ्याचा गळा लाभावा, हा योगही विलक्षणच.

‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह वाचणाऱ्यास प्रथम पाल्हाळ जाणवेल, शब्दांची उधळण खटकेल, आणि संपादकाने कात्री चालवावयास हवी होती असेही वाटेल. तो आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. परंतु तीच कविता कोणी पल्लेदार आवाजात म्हणू लागला म्हणजे ध्यानात येते की, कागदावर जी पुनरुक्ती दिसते ती बहुधा झीलकऱ्यांची जागा असते, आणि तेथे कात्री लावली तर शाहिराला श्वास घ्यावयासही फुरसत उरत नाही.