प्रश्नपरीक्षा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या रुग्णपरीक्षणाच्या तीन मार्गांपैकी तिसरा सर्वांत सोपा वाटतो. प्रत्यक्षात तोच सर्वांत कठीण आहे, हे व्यवसायात दहा-वीस वर्षे काढलेल्या प्रत्येक वैद्यास ठाऊक असेल. आपल्या जिल्ह्यातील रुग्ण समोर बसतो आणि "डॉक्टर, पित्त झालंय" एवढेच सांगतो. कोणाला त्यातून आंबट ढेकर व छातीतील जळजळ अभिप्रेत असते, कोणाला डोके दुखून उलटी होणे, तर कोणाच्या अंगावर गांधी उठलेल्या असतात. अम्लपित्त, शिरःशूल आणि शीतपित्त अशा तीन निराळ्या अवस्था एकाच बोलीशब्दाआड दडलेल्या असतात. आपण पुढचे चार प्रश्न विचारतो आणि मगच लेखणी उचलतो.

हा सर्वपरिचित विषय येथे काढण्याचे कारण असे की, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून रुग्ण हेच वाक्य यंत्रासमोर उच्चारू लागले आहेत आणि आपले अनेक तरुण वैद्यही चिकित्सेविषयीच्या शंका त्यालाच विचारू लागले आहेत. यंत्राला प्रश्न कसा घालावा, याचे संगणकक्षेत्रात आता एक स्वतंत्र तंत्रच झाले असून त्यास 'प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग' म्हणतात. नाव भारदस्त असले तरी गाभा प्रश्नरचनेचाच आहे. आणि प्रश्नरचना हा वैद्याचा रोजचा व्यवसाय आहे. म्हणूनच या विषयाकडे पाठ फिरविण्याचे आपल्याला कारण नाही.

यंत्राचे कार्य थोडक्यात समजून घेऊ. ग्रंथालयातील सेवकाप्रमाणे ते योग्य ग्रंथ काढून पान उघडून देते, अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुतः अफाट लिखित मजकुरावरून त्याला शब्दांच्या साहचर्याची सवय लावलेली असते आणि समोरच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे अधिक संभवनीय आहे, हे ठरवीत ते उत्तर रचत जाते. काही सेवांमध्ये आता शोधयंत्राची जोड असते. तथापि मूळ प्रकृती ही अशी आहे. त्यामुळे प्रश्नात जेवढा संदर्भ, तेवढीच उत्तरास दिशा. जो संदर्भ आपण दिला नाही, तो यंत्र बहुधा मागत नाही. स्वतःच काहीतरी गृहीत धरून पुढे जाते.

'सैंधव आण' हे शास्त्रातील जुने उदाहरण आपण सर्व शिकलो आहोत. भोजनाच्या वेळी त्याचा अर्थ मीठ आणि प्रयाणाच्या वेळी घोडा. प्रकरण लक्षात घेतल्यावाचून शब्दाचा अर्थ करू नये, हा त्यातील बोध. योगायोग असा की, या यंत्राने घडविलेल्या अपायाचे एक ठळक उदाहरण मिठाचेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' समूहाच्या नियतकालिकात अमेरिकेतील एका ६० वर्षांच्या गृहस्थाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आहारातून क्लोराईड वर्ज्य करण्यासाठी त्यांनी चॅटजीपीटीचा सल्ला घेतला आणि साध्या मिठाऐवजी सोडियम ब्रोमाईड सुमारे तीन महिने सेवन केले. परिणामी भ्रम व संशयग्रस्तता उत्पन्न होऊन त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्यांचा मूळ संवाद डॉक्टरांना उपलब्ध नव्हता; म्हणून त्यांनी स्वतः यंत्राला क्लोराईडचा पर्याय विचारून पाहिला. उत्तरात ब्रोमाईड होतेच. संदर्भ महत्त्वाचा आहे असेही त्यात म्हटले होते. मात्र आरोग्याच्या दृष्टीने स्पष्ट इशारा नव्हता आणि 'आपल्याला हे कशासाठी हवे आहे?' हा प्रश्न यंत्राने विचारला नाही. तो एक प्रश्न कोणत्याही वैद्याने प्रथम विचारला असता.

तेव्हा यंत्र जे विचारणार नाही, ते आपणच आधी सांगितले पाहिजे. समजा, पाथर्डी तालुक्यातील एक ४२ वर्षांची ऊसतोड कामगार स्त्री कंबरदुखीसाठी आली आहे. 'कंबरदुखीवर आयुर्वेदिक उपाय सांगा' असे यंत्राला विचारल्यास घरगुती उपायांची जी जंत्री मिळेल, ती कोणत्याही वृत्तपत्राच्या पुरवणीत सापडेल. आता प्रश्न असा करून पहावा: "मी बी.ए.एम.एस. चिकित्सक आहे. रुग्ण स्त्री, वय ४२. दोन महिन्यांपासून कंबरेतून डाव्या पोटरीपर्यंत जाणारी वेदना. पहाटेच्या थंडीत वाढते, शेकाने कमी होते. मलावष्टंभ, अग्निमांद्य. आहार बाजरीची भाकरी, जेवणाच्या वेळा अनियमित. काम वाकून ऊस तोडण्याचे व मोळी उचलण्याचे; हंगाम संपेपर्यंत विश्रांती अशक्य; कोपीवर मुक्काम असल्याने बस्तीसाठी रोज येणे अशक्य. मधुमेहाच्या गोळ्या चालू. प्रथम माझ्याकडून आणखी काय माहिती हवी ते विचार. नंतर संभाव्य व्याधींचा व्यवच्छेद मांड. तातडीने रुग्णालयात पाठविण्याची लक्षणे कोणती, ते वेगळे सांग. जेथे खात्री नाही तेथे तसे लिही."

या दुसऱ्या प्रश्नात नवे काय आहे? प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती व वय हे दशविध परीक्ष्य भाव, देश आणि काल यांपैकी जेवढे हाती आहे तेवढे मांडले, इतकेच. गृध्रसीचा विचार आपण यंत्रावाचूनही केला असता. परंतु मूत्रप्रवृत्तीवरील ताबा जाणे, गुदजननेंद्रियाच्या परिसरात बधिरता येणे, पायातील बल झपाट्याने कमी होणे या लक्षणांची विचारणा गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एखादे वेळी राहून जाऊ शकते. ती आठवण करून देणारा सहायक म्हणून यंत्राचा उपयोग निश्चित आहे. स्पर्शन मात्र त्याच्या आवाक्यात नाही. पाय सरळ उचलून वेदना कोठे येते हे आपल्यालाच पाहायचे आहे.

औषधनामांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. वरील रुग्णेसाठी रास्नेचा विचार मनात येईल. औषधिसंग्रहात रास्ना म्हणून प्लुचिया लान्सियोलाटा स्वीकृत आहे, तर केरळात त्याच नावाने अल्पिनिया गलंगा, म्हणजे आपले कुलंजन, वापरले जाते. ब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांची सरमिसळ तर सर्वश्रुत आहे. यंत्राच्या पोटात या साऱ्या परंपरांचा मजकूर एकत्र कालवलेला असतो. म्हणून संदिग्ध द्रव्याविषयी विचारताना शास्त्रीय वनस्पतिनाम लिहावे आणि उत्तरातही ते मागावे. मात्रेचेही तसेच. कर्ष, पल, रत्ती असे शब्द आल्यास ग्रॅममध्ये रूपांतर करून मागावे व शासकीय योगसंग्रहातील मानाशी (कर्ष १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम, रत्ती १२५ मिलिग्रॅम) स्वतः ताडून पहावे. विषवर्गातील द्रव्ये आणि रसकल्प यांची मात्रा यंत्राला विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्राचा सर्वांत फसवा दोष म्हणजे रचलेले प्रमाण. श्लोक मागितल्यास ते अनुष्टुभात बसणारा, स्थान-अध्याय-श्लोकांकासह सजविलेला, पण कोणत्याही संहितेत नसलेला श्लोक देऊ शकते. त्यात त्याचा कपटभाव नसतो. संभवनीय शब्दांची जुळणी एवढेच ते जाणते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या संस्थेला ५,००० डॉलरचा दंड केला, तो यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे युक्तिवादात सादर केल्याबद्दल. आपल्या स्नातकोत्तर प्रबंधांतही असे प्रसंग येऊ शकतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थेने चरक व सुश्रुत संहिता संगणकीय स्वरूपात उपलब्ध केल्या आहेत. तेथे श्लोक पडताळण्यास दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे वाचविण्यासाठी आप्तोपदेशाच्या जागी अनाप्ताची स्थापना करणे परवडणारे नाही.

रुग्णाचे नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक वा अहवालावरील ओळख यंत्राला देऊ नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. त्याआधीही वैद्यकीय गोपनीयता आपल्यावर बंधनकारक होतीच.

पुढील काळाविषयी थोडे. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये 'नमस्ते' हे संकेतस्थळ सुरू करून आयुर्वेदीय व्याधींना प्रमाणित संज्ञा व संकेतांक दिले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग प्रसृत केला आणि जुलै २०२५ मध्ये पारंपरिक वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उपयोगावर स्वतंत्र दस्तऐवज प्रकाशित केला. दिशा स्पष्ट आहे: उद्याची यंत्रे आपल्या नोंदींवरून शिकतील. प्रश्न आपल्या नोंदींचाच आहे. गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नगरीत, औषधिगुणधर्मावर मराठीत मूलगामी लेखन झालेल्या या जिल्ह्यात, आज आपल्यापैकी बहुतेकांच्या केसपेपरवर 'संधिवात, योगराज गुग्गुळ, ७ दिवस' याहून अधिक काही नसते. प्रकृती नाही, अवस्था नाही, अनुपान नाही, आणि सात दिवसांनी उपशय झाला की अनुपशय, हेही नाही.

अशा नोंदींतून यंत्र काही शिकू शकणार नाही, आणि आपल्यानंतर त्या चिकित्सालयात बसणारा वैद्यही नाही. दिवसाला निदान दोन रुग्णांची नोंद परीक्ष्य भाव, नमस्ते संकेतांक आणि उपशयासह पूर्ण लिहावी. वर्षाअखेरीस ती पाचशेच्या घरात जाईल.