ताप आला, तर आधी प्रवास सांगा



गेल्या वर्षी आपल्या मंडळीतून आम्ही सहाजण युगांडाच्या ईशान्येकडील करामोजा भागात तीन आठवडे राहून आलो. गुरे पाळणाऱ्या करामोजोंग लोकांच्या वस्त्यांवर तेथील आरोग्यसेवक कसे काम करतात ते पाहावे आणि आपल्या पाड्यांवरील कामासाठी काही शिकून यावे, हा हेतू होता. यंदाही एक गट जाणार आहे. मी तीस वर्षे परिचारिका होते, म्हणून तयारीविषयी मीच लिहावे असे ठरले. पण मी लिहिते आहे ते अनुभवापेक्षा माझ्या एका चुकीमुळे.

आमच्यातील एक काका परत आल्यावर सतराव्या दिवशी तापाने फणफणले. थंडी, अंगदुखी, डोकेदुखी. घराजवळच्या दवाखान्यात त्यांना व्हायरल तापाचे औषध मिळाले. आपण आफ्रिकेतून आलो आहोत, हे काकांनी सांगितले नाही आणि डॉक्टरांनीही विचारले नाही. चौथ्या दिवशी ते असंबद्ध बोलू लागले. मोठ्या रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा फाल्सिपेरम मलेरिया निघाला. नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढून, देवाच्या दयेने, काका घरी आले.

काकांनी मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या मुंबईला उतरल्या दिवशीच बंद केल्या होत्या. करामोजात मी रोज न्याहारीनंतर सर्वांना विचारत असे, "गोळी घेतली का?" मुंबईत आल्यावर मी विचारायची थांबले. ती माझी चूक.

परत आल्यावरही गोळी का?

मलेरियाचा डास चावला की जंतू प्रथम यकृतात जातात. तेथे आठवडा-दोन आठवडे ते वाढतात आणि मग रक्तात उतरतात. आम्ही घेत होतो ती डॉक्सिसायक्लिन ही गोळी मुख्यतः रक्तातील जंतूंवर काम करते, यकृतात दडलेल्यांवर भरवसा ठेवण्याइतके नाही. शेवटच्या रात्री डास चावला असेल, तर ते जंतू आपण घरी पोहोचल्यानंतर रक्तात येतात. तेव्हा गोळी चालू हवी. म्हणून ही गोळी जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून, तेथे रोज आणि परतल्यावर आणखी चार आठवडे घ्यायची असते. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. ती गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना देत नाहीत. इतर गोळ्यांचे वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा निवड डॉक्टरांनाच करू द्या.

"तिथले लोक कुठे गोळ्या घेतात?" असे मला काहींनी विचारले. तेथील मोठ्या माणसांना लहानपणापासून पुन्हा पुन्हा मलेरिया होऊन थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत मोठी आहे, कारण आफ्रिकेत मलेरियाने दगावणाऱ्यांत सर्वाधिक पाच वर्षांखालची मुलेच असतात. आपल्यापाशी ती शक्ती नाही.

गोळी घेतली तरी डास टाळावेच लागतात. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. त्या वेळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उघड्या अंगाला डास पळवणारे मलम लावा आणि औषध लावलेल्या मच्छरदाणीत, तिच्या कडा गादीखाली खोचून झोपा.

लसी आणि पिवळे कार्ड

युगांडात जायला पीतज्वराची म्हणजे यलो फीव्हरची लस सक्तीची आहे. परत येताना भारतही तिचा दाखला मागतो. या रोगाचा विषाणू ज्या एडिस डासातून पसरतो, तो डास आपल्याकडे भरपूर आहे, पण तो रोग अजून आलेला नाही. तो येऊ नये म्हणून ही दक्षता. दाखला नसेल, तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

ही लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि आधी वेळ घ्यावी लागते. दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. एकदा घेतलेली लस 2016 पासून जन्मभर ग्राह्य आहे. ती जिवंत लस असल्यामुळे अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारे आजार किंवा औषधे, किंवा साठीपुढील वय असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

याशिवाय टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि मेनिंजायटिसच्या लसींविषयी विचारा. धनुर्वाताची मात्रा घेऊन दहा वर्षे झाली असतील, तर ती घ्या. खेड्यांत राहणाऱ्यांनी रेबीजच्या लसीचाही विचार करावा. ती घेतली असली तरी कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा लागतो. ही सारी तयारी निघण्याच्या सहा आठवडे आधी सुरू करा.

पाणी उकळलेले किंवा सीलबंद प्या. जुलाब झाले, तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट घ्या. तळ्यात किंवा नदीत उतरू नका, कारण बिलहार्झियाचे कृमी कातडीतून शरीरात शिरतात.

पाहुण्याचे कर्तव्य

करामोजातील ज्या दवाखान्यात आम्ही गेलो, तेथे एका खाटेवर दोन-दोन मुले होती आणि रात्रीला एकच नर्स. आपण निष्काळजीपणाने आजारी पडलो, तर त्यांतली एक खाट आणि त्या बाईंचा अर्धा वेळ आपण घेणार. तसेच आपला खोकला किंवा गोवर त्या अशक्त मुलांपर्यंत पोहोचता कामा नये. अंगात ताप असेल, तर प्रवास पुढे ढकलावा.

आणि परतल्यानंतर तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. खुर्चीवर बसताच पहिले वाक्य असावे, "मी युगांडाहून आलो आहे, मलेरियाची तपासणी करा." हे आपल्याकडेही लागू आहे. गडचिरोलीत फाल्सिपेरम मलेरिया आहे. तेथील काम पाहून आलेल्या आणि नंतर पुण्या-मुंबईत तापलेल्या माणसानेही हेच सांगावे.

यंदा जाणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे. ते परतल्यानंतरचे अठ्ठावीस दिवस मी रोज सकाळी प्रत्येकाला फोन करणार आहे. काका म्हणाले, "त्यांतले निम्मे फोन मी करीन."