होडीचा दिवा

खारी हे भाईंदरमधील एक गाव. भाईंदरच्या उत्तरेस वसईची विस्तीर्ण खाडी आहे. अमावास्येच्या रात्री अशा खाडीतून लहान होडी वल्हवीत जाणाऱ्या नावाड्यास दूरच्या यांत्रिक नौकेचे दिवे स्पष्ट दिसतात. ‘ती मला दिसते, त्या अर्थी मीही तिला दिसत असेन,’ असे त्याला वाटते. हा समज प्राणघातक होय. नौका दिसते ती तिच्या दिव्यांमुळे. दिवा नसलेली होडी काळोखात लुप्त होते.

नौकांच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेले आंतरराष्ट्रीय नियम १९७७ पासून अमलात आहेत. त्यांनुसार यांत्रिक नौकेच्या डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो. दोन्ही एकदम दिसले, तर नौका आपल्याच रोखाने येत आहे, हे ओळखावे.

वल्ह्याच्या होडीस असे दिवे लावण्याची सक्ती नाही. मात्र पांढऱ्या प्रकाशाचा कंदील किंवा विजेरी हाताशी असावी आणि टक्कर टळेल इतकी आधी ती दाखवावी. कारण वेगातील जड नौका एकाएकी थांबत नाही. विजेरी पाण्याने न बिघडणारी असावी आणि दोरीने अंगाशी बांधावी. वल्ह्याच्या पात्यावर चकाकणारी पट्टी लावल्यास उत्तम. परंतु दुसऱ्याचा प्रकाश पडल्यावाचून ती चमकत नाही.

दिवा आपल्याला दिसावे म्हणून असतो, तसाच आपण इतरांना दिसावे म्हणूनही असतो.