कामाचे समाधान मोजता येते काय?

कचेरीतून परतणाऱ्या गृहस्थास वाटेत कोणी विचारले, ‘काय, कसे काय?’ तर तो ‘चाललंय’ एवढेच म्हणून पुढे जातो. या एका शब्दात समाधानही मावते आणि वर्षानुवर्षांचा वैतागही मावतो. धान्य पायलीने मोजावे, ताप तापमापकाने मोजावा. पण हे ‘चाललंय’ कशाने मोजावे? हाच प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

मनाला फूटपट्टी लागत नाही, म्हणून मानसशास्त्रज्ञ प्रश्नावलीचा आश्रय घेतात. रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३२ साली त्याची एक सोपी रीत घालून दिली. ‘माझे वरिष्ठ माझे म्हणणे ऐकून घेतात’ असे एखादे विधान पुढे ठेवावयाचे आणि ‘पूर्णपणे मान्य’पासून ‘मुळीच मान्य नाही’पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करावयास सांगावयाचे. पगार, बढती, वरिष्ठ, सोबती, कामाचे स्वरूप यांविषयी निरनिराळे विचारावे लागते. कारण पगारावर खूष असलेला मनुष्य साहेबावर नाखूष असू शकतो. काही विधाने मुद्दाम उलटी घालतात. सगळ्याला डोळे मिटून ‘मान्य’ म्हणणारा तेथे सापडतो. ताण मोजण्यासाठी शेल्डन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली गेल्या महिन्यापुरतेच विचारते: गोष्टी आपल्या हाताबाहेर गेल्या असे किती वेळा वाटले? आणि आधार मोजताना मित्र किती, हे मोजून भागत नाही. अडचणीच्या वेळी धावून कोण येईल, हे विचारावे लागते.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत मिळते. तेथे १९६७ साली सतरा हजारांहून अधिक पुरुष नोकरांची पाहणी सुरू झाली. मोठा अधिकार म्हणजे मोठी काळजी, आणि मोठी काळजी म्हणजे हृदयविकार, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात निघाले उलटेच. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते! धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणांचा हिशेब केला, तरी निम्म्याहून अधिक फरक उरलाच. मग १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्रीपुरुषांची दुसरी पाहणी सुरू झाली, आणि तीत कामाविषयीचे प्रश्नही घातले. आपल्या कामावर ज्यांची सत्ता कमी, त्यांस हृदयविकार अधिक, असे दिसून आले. आजारी मनुष्य अधिक कुरकुरतो, अशी शंका येथे येईल. म्हणून त्या त्या कामाचे मूल्यमापन अधिकाऱ्यांकडूनही स्वतंत्रपणे करून घेतले होते. त्यातूनही निष्कर्ष तोच निघाला.

याची उपपत्ती रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ सालीच मांडली होती. काम पुष्कळ, एवढ्याने मनुष्य खचत नाही. काम पुष्कळ आणि मुखत्यारी काहीच नाही, म्हणजे खचतो. खिडकीवर तिकिटे देणारा कारकून पाहा. रांग त्याला कमी करता येत नाही, खिडकीही सोडता येत नाही. साहेबाला निदान बैठक उद्यावर ढकलता येते! पुढे १९८८ साली जॉन्सन व हॉल यांनी स्वीडनमधील पाहणीवरून यात तिसरी गोष्ट जोडली, ती सोबत्यांच्या आधाराची. ‘तुम्ही चहा घेऊन या, तोवर मी बघतो’ असे म्हणणारा शेजारी असला की तेच ओझे हलके होते.

मात्र हे माप जपून वापरले पाहिजे. कागदावर नाव लिहावयास लावले, की उत्तर पुन्हा ‘चाललंय’ असेच येणार. एकट्यादुकट्याच्या आकड्यावरून रोगाचे निदान करू नये. आणि मुख्य म्हणजे, आकडा वाईट आला तर दोष नोकराच्या माथी मारण्यापूर्वी कामाची मांडणी तपासावी; ताप निघाला म्हणून रोग्यावर कोणी रागावत नाही. मोजूनही काहीच बदलले नाही, तर पुढच्या खेपेस लोक खरे लिहिणार नाहीत, आणि त्यांत त्यांची चूक नसेल.

तेव्हा कामाचे समाधान मोजता येते, असे आम्ही म्हणतो; पण विचारणाऱ्याची ऐकण्याची तयारी असेल तरच. प्रश्नावली हे साधन आहे. ‘चाललंय’ म्हणून पुढे निघालेल्या माणसास थांबवून ‘खरेच काय चालले आहे?’ असे विचारण्याची आस्था मात्र आपली आपणच आणावी लागते.